फी पालकांची, उरलेला खर्च कोणाचा? पुण्यातील शाळांचा दोनशे वर्षांचा हिशेब

१/ मुलाला कोणत्या शाळेत घालावे, या प्रश्नाला पुण्यात आज फीचा आकडा चिकटलेला असतो. कॅम्पातील कॉन्व्हेंट, पेठेतील शंभरी ओलांडलेली अनुदानित शाळा, उपनगरातील नवी इंग्रजी शाळा आणि महापालिकेची शाळा यांची तुलना करताना पालक प्रथम फी विचारतात. परंतु शाळेचा सारा खर्च फीतून भागला, असे या शहराच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. उरलेली रक्कम कोणी ना कोणी भरलीच. कधी पेशव्यांच्या खजिन्याने, कधी स्कॉटलंडमधील चर्चने, कधी अमेरिकेतील देणगीदारांनी, कधी आपलाच पगार मर्यादित करून घेणाऱ्या शिक्षकांनी, तर कधी सरकारने. ज्याने ती भरली त्याने शाळेचे दार कोणासाठी उघडायचे, हेही बहुधा ठरविले. त्या हिशेबाची ही कथा.

२/ सुरुवात पंतोजींच्या शाळेपासून. कोणाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत ही शाळा भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, पाढे, पावकी-निमकी, मोडी वाचन आणि जमाखर्च एवढा अभ्यासक्रम. पंतोजींना ठरावीक पगार नसे. मुलांच्या घरून थोडी रोकड, धान्य, सणावाराला शिधा असे त्यांचे उत्पन्न. फी लवचीक होती, ऐपतीप्रमाणे ठरे आणि नाण्याऐवजी दाण्यातही चाले. मात्र हा लवचीकपणा ठरावीक जातींच्या मुलांपुरता होता. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले यांच्यासाठी त्या ओसरीवर जागाच नव्हती. फी परवडण्याचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे.

३/ धार्मिक शिक्षणाची व्यवस्था याहून वेगळी होती. वेदपाठशाळेत गुरू विद्यार्थ्याकडून फी घेत नसे. विद्यार्थ्याचे पोट माधुकरीवर किंवा वार लावून भरे, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. शिक्षणाचा चरितार्थाचा भाग असा अख्ख्या पेठेत वाटला जाई. विद्वानांना राज्याकडून दक्षिणा मिळे. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटत आणि भरभराटीच्या काळात ती रक्कम लाखांच्या घरात जाई. पैसा रयतेच्या महसुलातून येत होता, लाभ मात्र एका वर्णाला होत होता. हे सूत्र पुढच्या शंभर वर्षांच्या वादाचे मूळ ठरले.

४/ १८१८ साली पेशवाई संपली. दक्षिणा एकाएकी बंद केली तर पुण्यातील प्रतिष्ठित वर्ग दुखावेल, हे एल्फिन्स्टनने ओळखले. त्याने ती मर्यादित स्वरूपात चालू ठेवली आणि त्यातील एक भाग शिक्षणाकडे वळविला. ऑक्टोबर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिला इंग्रज हिंदू कॉलेज म्हणत. येथे फी भरण्याऐवजी विद्यार्थ्यांनाच निर्वाहासाठी वेतन मिळे. शिक्षण विनामूल्य आणि वर वेतन, पण प्रवेश आरंभी केवळ ब्राह्मणांना. हीच संस्था इंग्रजी शिक्षणाशी जोडली जाऊन पुढे पूना कॉलेज आणि अखेर डेक्कन कॉलेज झाली. धर्मदायाचा पैसा असा हळूहळू आधुनिक शिक्षणात मिसळला.

५/ दुसरा पर्याय मिशनऱ्यांनी आणला. स्कॉटिश मिशनची माणसे १८२३ पासून कोकणात होती आणि १८३० नंतर जेम्स मिचेल यांच्या कामामुळे पुण्यात मिशनच्या शाळा उभ्या राहिल्या. या शाळांचा खर्च परदेशातील चर्चमंडळी उचलत. त्यामुळे येथे शिकणे गरिबालाही शक्य होते आणि जातीची अट नव्हती. पण वर्गात बायबल शिकविले जाई. पुण्यातील कुटुंबांच्या दृष्टीने खरी किंमत ती होती. मुलगा इंग्रजी शिकेल, नोकरीला लागेल, पण धर्म सोडील काय? १८४३ साली मुंबईत मिशनच्या संपर्कात आलेल्या नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत न्यायालयामार्फत वडिलांच्या ताब्यात गेला आणि त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठे वादळ उठले. त्या वादळानंतर ही भीती घराघरांत शिरली.

६/ तरीही काही घरांनी हा धोका पत्करला. फुलांचा व्यवसाय करणाऱ्या गोविंदराव फुले यांनी मुलाला शाळेतून काढून शेतीकामाला लावले होते. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी त्यांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले, तेही स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत. या शाळेने त्यांना ख्रिस्ती केले नाही. विचार करण्याची आणि प्रश्न विचारण्याची सवय मात्र लावली. धार्मिक संस्थेची शाळा आणि विद्यार्थ्याची श्रद्धा यांचे नाते पालकांना वाटते तितके सरळ नसते, याचे पुण्यातील हे पहिले ठळक उदाहरण.

७/ १८४८ साली जोतीरावांनी बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधील मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती. सावित्रीबाई शिकवू लागल्या. ही शाळा एतद्देशीयांची आणि खाजगी होती, धार्मिक नव्हती. तिचा खर्च वर्गणी आणि देणग्यांवर चाले. देणगीदारांत पुण्यातील युरोपीय होते आणि पुढे दक्षिणा निधीतूनही काही मदत मिळाली. रमण्यात एका वर्णाला वाटला जाणारा पैसा तीस-पस्तीस वर्षांत मुलींच्या शाळेपर्यंत आला, ही क्रांती लहान नव्हती. पण आधार कच्चा होता. १८५७ च्या उठावानंतर युरोपीय देणग्यांचा ओघ आटला आणि या शाळा टिकविणे अवघड झाले. मधल्या काळात संसार चालविण्यासाठी जोतीरावांनी मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकविण्याचे कामही केले होते.

८/ १८५४ च्या वुडच्या खलित्याने सारी गणिते बदलली. खाजगी संस्थांच्या शाळांना सरकार अनुदान देईल, शाळेत कोणता धर्म शिकविला जातो याकडे सरकारी तपासनीस पाहणार नाही, असे धोरण ठरले. त्याच खलित्यात आणखी एक अट होती: अनुदान हवे असेल तर विद्यार्थ्यांकडून काही ना काही फी घेतलीच पाहिजे, मग ती कितीही अल्प असो. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. आज पालक ज्याला सहज ‘शाळेची फी’ म्हणतात, तिला सरकारी धोरणाचे अधिष्ठान मिळाले ते येथे. खाजगी व्यवस्थापन, सरकारी अनुदान आणि पालकांची फी या तीन पायांची शाळा हीच पुढे महाराष्ट्रात नेहमीची झाली.

९/ या धोरणाचा लाभ मिशन आणि कॅम्पातील शाळांनाही झाला. १८६० च्या दशकात लष्करी छावणीच्या आसपास कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी, बिशप्स, सेंट मेरीज, सेंट व्हिन्सेंट्स अशा शाळा उभ्या राहिल्या. त्या प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होत्या. सैनिक, रेल्वे कर्मचारी आणि अधिकारी यांची मुले तेथे शिकत. अशा शाळांचा खर्च तुलनेने जास्त असला, तरी धर्मगुरू आणि जोगिणी नाममात्र निर्वाहावर शिकवीत असत, त्यामुळे शिक्षकांच्या पगाराचा मोठा बोजा हलका होई. पुण्याच्या पूर्वेस असा एक शैक्षणिक पर्याय तयार झाला, पण पेठांतील मुलांना त्याचे दार बराच काळ जवळजवळ बंदच होते.

१०/ पेठांनी आपला पर्याय स्वतः उभारला. १८६० साली वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन स्थापिली. तीच पुढची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी. त्यानंतर वीस वर्षांनी, जानेवारी १८८० मध्ये, सरकारी नोकरी सोडलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळक आणि नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल काढले. लवकरच वामन शिवराम आपटे आणि आगरकर येऊन मिळाले. सरकारी शाळेची शिस्त आणि मिशनच्या शाळेचा धर्म यांहून वेगळी, लोकांची अशी शाळा त्यांना हवी होती. प्रश्न एकच होता: सरकार किंवा चर्च पाठीशी नसताना खर्च कोण भागविणार?

११/ उत्तर होते शिक्षकांनीच. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करावी, असा दंडक ठरला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी दरमहा ७५ रुपयांवर हे व्रत स्वीकारले. त्यांच्या योग्यतेच्या पदवीधराला सरकारी नोकरीत याहून कितीतरी अधिक मिळाले असते. विद्यार्थ्याच्या फीत न दिसणारी ही रक्कम म्हणजे शिक्षकाने समाजाला दिलेली देणगीच होती.

१२/ पण त्यागावर चालणाऱ्या संस्थेलाही हिशेब चुकत नाहीत. सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी काय, वेतनवाढ आणि भत्ते कोणाला व किती, यावरून संस्थेत तीव्र मतभेद झाले. सर्वांनी सारखे वेतन घ्यावे आणि सारा वेळ संस्थेला द्यावा, असा आग्रह धरणारे टिळक १८९० च्या अखेरीस बाहेर पडले. आगरकर आणि गोखले यांच्याशी सामाजिक सुधारणांवरून असलेले त्यांचे मतभेद सर्वश्रुत आहेत, परंतु संस्थेतील शेवटची ठिणगी पैशांच्या तत्त्वावरून पडली. स्वस्त शिक्षणाची किंमत शिक्षकाच्या संसाराने किती काळ द्यावी, हा प्रश्न त्या वेळी सुटला नाही. आज तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या खाजगी शाळांतील शिक्षकांसमोर तो तसाच उभा आहे. फरक एवढाच की त्यांनी ते व्रत स्वखुशीने घेतलेले नाही.

१३/ १८८२ साली हंटर आयोग पुण्यात आला, तेव्हा जोतीराव फुले यांनी निवेदन देऊन हिशेबाची दुसरी बाजू मांडली. सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे आणि खालच्या वर्गातील मुलांना शाळेकडे वळविण्यासाठी शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असे त्यांनी सुचविले. शेतकऱ्याचा मुलगा शाळेत गेला की त्याची मजुरी बुडते. फी शून्य केली तरी ते नुकसान उरतेच. शिक्षणाच्या खर्चात बुडालेली मजुरी धरणारा हा विचार त्या काळात दुर्मीळ होता.

१४/ धर्म आणि खर्च यांचा सर्वांत कडवा संघर्ष पुण्यात शारदा सदनाभोवती झाला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवा स्त्रियांसाठी ही शाळा काढली आणि पुढच्या वर्षी ती पुण्यात आणली. मुलींच्या शिक्षणाची सोय शहरात होती, १८८४ पासून हुजूरपागेची शाळा चालत होती. पण उपेक्षित विधवेला राहणे, जेवणे आणि शिकणे एकत्र देणारे हे घर वेगळे होते. खर्च बोस्टन येथे स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन करी. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते, आणि म्हणूनच न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात आले.

१५/ रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्यांच्या खाजगी प्रार्थनेला काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. सक्ती नाही, पण मनाईही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे होते. परंतु ज्या मुली घरी परत गेल्या त्यांच्यासाठी या शहरात त्या दिवशी दुसरे दार उघडे नव्हते. सोवळ्यातल्या अंधारात परतणे हीच त्या वादाची किंमत होती, आणि ती वाद घालणाऱ्यांनी भरली नाही.

१६/ दुसरे दार उघडायला तीन वर्षे लागली. शारदा सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकविणाऱ्या कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापिला, आणि १९०० साली तो शहराबाहेर हिंगण्याला नेला. येथे परदेशी निधी नव्हता. कर्वे गावोगाव फिरून आणा-रुपया वर्गणी गोळा करीत. पैसा हिंदू समाजाकडून आल्यामुळे धर्मांतराची शंका उरली नाही, पण त्याच समाजाच्या कलाने संस्थेला सावकाश चालावे लागले. रमाबाईंना मोकळीक होती आणि विश्वास गमवावा लागला, कर्व्यांना विश्वास मिळाला आणि मोकळीक जपून वापरावी लागली. दोन्ही संस्था आजही चालू आहेत, एक केडगावला मुक्ती मिशनच्या रूपाने, दुसरी हिंगण्याला.

१७/ देणगी आणि वर्गणीच्या पलीकडे जाऊन करातून शाळा चालवावी, हा प्रश्न पुण्यात १९२० च्या आरंभी पेटला. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली होती. पैसे अपुरे, म्हणून आधी मुलांपुरती सक्ती करावी, असे नगरपालिकेतील अनेकांचे मत होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आणि रमाबाई रानडे यांनी मुलींनाही ती लागू करावी, असा आग्रह धरला. रमाबाईंच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या रस्त्यांवर स्त्रियांची मिरवणूक निघाली. तिजोरीत पैसा कमी असला की कात्री प्रथम कोणाच्या शिक्षणाला लागते, हे त्या वादाने उघड केले.

१८/ स्वातंत्र्यानंतर या साऱ्या अनुभवांचे सार राज्यघटनेत उतरले. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. अनुदानित शाळेत ते दिले तरी विद्यार्थ्यावर, तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवाचून, त्याची सक्ती करता येणार नाही. हे अनुच्छेद २८. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क, आणि अनुदान देताना त्यांच्याशी भेदभाव करण्यास राज्याला मनाई. हे अनुच्छेद ३०. शारदा सदनाच्या वेळी वृत्तपत्रांतून भांडलेला प्रश्न आता कायद्याच्या भाषेत आला.

१९/ कॅम्पातील शाळांची दारे पेठांसाठी उघडण्यात एका खटल्याचा वाटा आहे. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाचे नागरिक यांखेरीज इतरांना प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या चालकांनी त्याला आव्हान दिले आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश घटनाबाह्य ठरविला. राज्याच्या मदतीवर चालणाऱ्या शाळेत वंश वा भाषेच्या कारणावरून नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही, हे तत्त्व ठरले. नंतरच्या काळात मराठी मध्यमवर्ग ‘कॉन्व्हेंट’कडे वळला, त्याला कायद्याचा मार्ग येथून मोकळा झाला.

२०/ पुढची तीन दशके अनुदानाची होती. शिक्षकांचे वेतन सरकार देऊ लागले, १९७७ च्या कायद्याने खाजगी शाळांतील सेवाशर्तींना संरक्षण मिळाले, आणि टिळक-आगरकरांचा जुना पेच निदान अनुदानित शाळांपुरता मिटला. मग राज्याने हात आखडता घेतला. विनाअनुदानित शाळा वाढल्या, देणगीच्या नावाखाली होणाऱ्या वसुलीला रोखण्यासाठी १९८७ साली कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला, आणि २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना रीतसर मान्यता मिळाली. उरलेला खर्च उचलणारे चर्च, आजीव सदस्य आणि सरकार असे एकेक जण बाजूला झाले. इतिहासात प्रथमच सारा भार पालकांच्या खिशावर आला. पुण्याच्या उपनगरांतील फीचे आकडे मोठे दिसतात, त्यामागे सोयीसुविधा आणि नफा यांच्याइतकाच हाही बदल आहे.

२१/ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के प्रवेश दुर्बल व वंचित घटकांसाठी राखून ठेवले आणि त्यांची प्रतिपूर्ती राज्यावर टाकली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. परिणामी एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांपैकी एकीत मोलकरणीच्या मुलाला राखीव जागा आहे आणि दुसरीत नाही, असे चित्र पुण्यातही दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांनाही सूट देणारा नियम केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये रद्द केला. दार कोणासाठी उघडायचे, हा वाद अजून चालूच आहे.

२२/ म्हणून शाळांची तुलना करताना फीबरोबर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. शिक्षकांचा पगार कोण देतो: सरकार, संस्था की केवळ पालकांची फी? शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे काय, आणि असल्यास धार्मिक तासाबाबत पालकांची संमती घेतली जाते काय? फी ठरविणारी पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती खरोखर बसते काय? २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने ती समिती सक्तीची केली आहे आणि तिने मंजूर केलेली फी दोन वर्षे बदलता येत नाही. पंतोजींच्या ओसरीवर, विश्रामबागवाड्यात आणि शारदा सदनात पालकांना हिशेब विचारण्याची सोय नव्हती. आज ती कायद्याने दिलेली आहे, आणि प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीच ती वापरणे शहाणपणाचे.